तिसऱ्या बाकावरची जागा

आमच्या गावच्या प्रार्थनाघरात बसायला जागा मिळत नाही. बाकं मात्र अर्ध्याहून जास्त रिकामी असतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी बाकांकडे बघतो, मग सांगणाऱ्याकडे बघतो, आणि मग विषय बदलतो.

कारण अगदी साधं आहे. आमच्याकडे माणूस गेला तरी त्याची बाकावरची जागा जात नाही. ती त्याचीच राहते. त्याचं सगळ्यात जवळचं माणूस, म्हणजे नवरा किंवा बायको, ते नसतील तर मुलं, नाहीतर भावंडं, एकदा त्या जागेवर येऊन बसलं की जागा मोकळी होते. मग तिथे कोणीही बसावं. तोवर नाही. प्रार्थनाघराच्या लेखी तोवर तो माणूस गेलेलाच नसतो.

ही रीत कोणी घातली कोण जाणे. ज्याने घातली त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक नसावा. त्याला वाटलं असेल, महिन्या-दोन महिन्यांत लोक येतील, बसतील, डोळे पुसतील आणि जागा मोकळ्या होत जातील. कोण येतंय! प्रार्थनाघराची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्या किल्लीवाल्यांचा धाकटा बिनलग्नाचा भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांना आता सुना आल्या. जागा तशीच. दुकानदाराच्या आईची तशीच. कित्येक घरं गाव सोडून गेली, दारांना कुलपं लागली, पण बाकांवर त्यांचे आजी-आजोबा ऐसपैस बसलेत, आणि जिवंत माणसं भिंतीला टेकून उभी.

मी उभी नसते. मला जागा आहे. तिसरं बाक, मधल्या वाटेकडून दुसरी. वाटेकडची पहिली ह्यांची.

हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं. गावात वायरमन होते. खांबावर चढण्यात जन्म गेला, आणि गेले ते जमिनीवर उभं राहून दाढी करताना. अर्ध्या गालाला साबण होता. मी आधी नळ बंद केला, पाणी वाया जात होतं. मग शेजाऱ्यांना हाक मारली. नंतर लोक एकमेकांना सांगायचे, बाई धीराची हो. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटलंच नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं अख्खं अंग झालं होतं. ते आता उतरेल, मग उतरेल असं म्हणता म्हणता वर्ष गेलं आणि उतरलं नाही. शिवणाची मशीन चालू होती. लोकांच्या पँटी मी आखूड करत होते, लांब करत होते.

मुलगी लांब शहरात असते. ती दर सुट्टीला फोन करायची आणि शेवटी विचारायची, "आई, रडलीस का गं?" गॅस बंद केलास का, अशा आवाजात. मी म्हणायचे, "बघू." ती म्हणायची, "असं काय बघू?" मग मी तिला तिच्या सासूची तब्येत विचारायचे.

रडायचं काम घरात वन्सं करायच्या. ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन परगावी गेल्या, तेव्हाच त्यांची बाकावरची जागा सुटली. म्हातारपणी एकट्या होऊन परत आल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. जागा काही परत मिळाली नाही, त्यामुळे प्रार्थनेला त्या भिंतीशी उभ्या. गुडघे इतके वाईट की उतरत्या जिन्याला शिव्या देतात. पण ह्यांच्यासाठी त्या आम्हा दोघींच्या वाटचं रडल्या. भाजी चिरताना रडल्या, फोनवर रडल्या, एकदा तर गॅस सिलिंडर आणणाऱ्यापाशी रडल्या, तो बिचारा सुट्टे न घेताच पळाला.

अशात प्रार्थनाघराचं छप्पर खचलं. पाऊस आत यायला लागला तेव्हा किल्लीवाल्यांनी जुन्या वास्तू जतन करणाऱ्या खात्याला अर्ज केला आणि खात्याने एक बाई पाठवल्या. तरुण होत्या, पायात जाड बूट, गळ्यात कॅमेरा. गावाला वाटलं होतं, येतील, फोटो काढतील आणि जातील. त्या राहिल्या. भिंती ठोकून बघितल्या, फरशीवर पालथ्या पडून टॉर्च मारला, चाकूच्या टोकाने भिंतीवरचं काहीतरी खरवडून चक्क जिभेवर ठेवलं.

आमच्या प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीला घाम येतो. मनापासून प्रार्थना झाली की येतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. बाईंनी चव घेऊन सांगितलं, मीठ आहे. हे प्रार्थनाघर व्हायच्या आधी मिठाचं गोदाम होतं. दगडांत मुरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पूर्वजांनी उपाशीपोटी दगड वाहून प्रार्थनाघर उभं केलं, हा आमचा इतिहास एका चाटण्यात गेला. किल्लीवाले दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मग म्हणाले, "असू दे. मीठ काय वाईट आहे?"

बाईंनी खूप काही शोधून काढलं. बाकं मागाहून आली हेही त्यांनीच सांगितलं. नदीवरचा लाकडी पूल काढून लोखंडी बांधला, तेव्हा त्याच्या फळ्यांची ही बाकं केली. बसायच्या जागी चाकांनी पडलेले चरे अजून हाताला लागतात. इतकी वर्षं त्यावर बसून मला कधी वाटलं नव्हतं की आपण पुलावर बसलोय.

मग त्यांनी दारापाशी लावायच्या पाटीचा मजकूर वाचायला दिला. त्यात एक ओळ होती, ‘येथे उभे राहून प्रार्थना करण्याची जुनी प्रथा असून ती आजही पाळली जाते.’ किल्लीवाल्यांनी ती मोठ्याने वाचली. कोणी हसलं नाही आणि कोणी चूक दुरुस्तही केली नाही. आम्हाला वाटलं, हे काय सांगायचं असतं का? सगळ्यांना माहितीच असतं.

ते सांगायचं माझ्याकडे आलं, तेही बाईंच्या कोटाची बाही खिळ्यात अडकून फाटली म्हणून. त्या माझ्याकडे आल्या, कोट काढून दिला आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "एक विचारू? तुमच्या लोकांचे पाय दुखत नाहीत का हो?"

"दुखतात की."

"मग बसत का नाहीत?"

मी बाही उलटी करून घेतली. हातात काम असलं की मला बोलायला सोपं जातं. मी सांगितलं. जागा कशी राहते, कशी सुटते, कोणी सोडलेली नाही. शिवण घालून होईपर्यंत सांगून झालं.

त्यांनी स्टूल थोडं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तुमच्याही घरातलं कोणी आहे?"

"मालक. तिसरं बाक."

"तुम्ही बसला नाहीत अजून."

"मी शेजारीच बसते. सरकायचं तेवढं राहिलंय," मी म्हणाले आणि दातांनी दोरा तोडला.

त्यांनी कोट घेतला, पण घातला नाही. मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या. "मग मला तुम्हाला सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "आराखडा तयार झालाय. छप्पर होईल, भिंती होतील. पण खात्याचा नियम असा, की मागाहून आलेल्या आणि वापरात नसलेल्या गोष्टी काढायच्या. बाकं काढायची ठरलीत. गोदामात जातील. मी तर लिहून दिलं होतं, लोक उभेच राहतात म्हणून."

"काढली तर?"

"तर काय, लोक जमिनीवर बसतील. भिंतीलगत दगडी कट्टा आहे, तो मोकळा होईल."

वन्सं आतल्या दारात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मग ती माणसं कुठे जातील?"

बाईंनी मांडीवरच्या कोटाची घडी घातली, पुन्हा उलगडली. शेवटी म्हणाल्या, "बाकं वापरात आहेत असं दिसलं तर मला आराखडा बदलता येईल. पुढच्या प्रार्थनेला मोठे साहेब येणार आहेत. त्यांना बाकांवर बसलेली माणसं दिसली पाहिजेत. खोटं मी लिहिणार नाही. पण दिसलं तर नक्की लिहीन."

कोटाचे पैसे त्या देत होत्या, मी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरात बैठक झाली. बैठक म्हणायचं, एरवी निम्मे लोक उभेच. किल्लीवाल्यांनी सगळं सांगितलं. बाकं वाचवायची तर त्यांवर बसायला हवं. बसलं की जागा सुटणार. नाही बसलं तर जागा बाकासकट जाणार. छपरातून पाणी बादलीत ठिबकत होतं.

दुकानदाराचं डोकं अशा वेळी भलतंच चालतं. "शेजारच्या गावातून माणसं आणू," तो म्हणाला. "एका दिवसापुरती. चहापाणी माझ्याकडून."

"आणि ती तुझ्या आईच्या मांडीवर बसवू का?" किल्लीवाल्यांनी विचारलं.

दुकानदार खाली बसायला गेला, आईच्या जागेवर टेकतोय हे लक्षात येऊन पुन्हा उभा राहिला.

"फोटो ठेवू," कोणीतरी म्हणालं. "उशा ठेवू," दुसऱ्याने सुचवलं. कशालाच अर्थ नव्हता. मग शिक्षिका बोलल्या. बाहेरगावच्या, नोकरीसाठी इथे आलेल्या, इतकी वर्षं भिंतीशी उभ्या असतात. "तुम्ही प्रत्येकाने आपापली जागा सोडली तर काय होईल?" त्यांनी विचारलं. चांगल्या मनाने विचारलं, पण बाहेरच्या माणसाने विचारू नये असं ते होतं.

"आधी कोणी सोडायची?" दुकानदार म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. किल्लीवाले घाईने म्हणाले, "वहिनींना कोणी काही म्हणायचं नाही. त्यांचं ताजं आहे."

"हो, हो, त्यांचं ताजं आहे," सगळे म्हणाले. सगळ्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मला तेव्हा स्पष्ट कळलं, की मी बसेपर्यंत इथे कोणी बसणार नाही. माझ्या आड सगळं गाव लपलं होतं. आणि मी बसले तर किल्लीवाल्यांना भावाचं, दुकानदाराला आईचं काहीच कारण उरणार नव्हतं. मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण तो दुसऱ्याच्या घरातला आवाज यावा तसा लांबून आला.

घरी येताना वन्सं गुडघे विसरून माझ्या पुढे चालल्या. ताटं वाढल्यावर म्हणाल्या, "तुला जमत नसेल तर मी बसते."

"बायको असताना बहिणीने बसलेलं चालत नाही."

"तू नाही म्हणालीस तर चालतं. किल्लीवाल्यांना विचारलंय मी."

विचारूनही ठेवलं होतं. मी आमटी वाढली. "गुडघ्यांसाठी का?" असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं.

वन्सं रडल्या नाहीत, हेच विशेष. म्हणाल्या, "गुडघे गेले खड्ड्यात. माझा भाऊ आहे तो. वर्ष झालं, तो तिथे ताटकळत बसलाय आणि तू शेजारी बसून समोर बघतेस. एकदा त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मी भिंतीशी उभी असते, मला सगळं दिसतं."

"ते नाहीयेत वन्सं तिथे."

"मग सरक की."

ते नाहीत हे मला ठाऊक होतं. मी काही वेडी नाही. कपाट आवरून झालं होतं, त्यांचे शर्ट देऊन झाले होते, बँकेत नाव बदलून झालं होतं, सगळीकडे सह्या केल्या होत्या. एवढी एकच जागा होती जिथे कोणी माझ्याकडून काही करून घेतलं नव्हतं. तिथे मी जाऊन बसायचे, शेजारी ते आहेत असं समजायचे नाही आणि नाहीत असंही समजायचे नाही. तेवढ्यावर माझं चाललं होतं. तेही गेलं तर काय, ह्याची मला भीती वाटत होती. वर्षभरात वाटलेली ती पहिली गोष्ट.

"जेवा," मी म्हणाले. "गार होतंय."

मोठे साहेब आले त्या दिवशी ऊन पडलं होतं. साहेब उंच, चष्मेवाले, बोलायला मऊ. मागच्या दारापाशी बाईंबरोबर उभे राहिले. गाव एरवीपेक्षा चांगले कपडे घालून आलं होतं, आणि एरवीसारखंच भिंतीला लागून उभं राहिलं. किल्लीवाले आपल्या जागेवर बसले, शेजारी भाऊ. दुकानदार आपल्या जागेवर, बाजूला आई. पहिल्या बाकावर एकटे एक आजोबा, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन बायका, आधीची आणि नंतरची, दोघीही गेलेल्या. मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. वन्सं माझ्या बरोबर आल्या आणि बाकाच्या टोकाशी भिंतीला टेकल्या.

प्रार्थना सुरू झाली. मला ऐकू येत होतं, पण कोणी म्हणत होतं तर म्हणू दे, इतपतच. मागे साहेब हळू बोलत होते. हळू बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज नेमका सगळीकडे जातो.

"बाकं रिकामीच आहेत की."

"थोडं थांबू या, सर," बाई म्हणाल्या.

"छान हॉल आहे हो. ही काढली की काय मोकळा दिसेल."

बाईंना सांगून टाकता आलं असतं, पण त्यांनी सांगितलं नाही. मी वळून बघितलं तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम छताकडे बघत होत्या. त्यांनीही मला काही म्हणायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. सगळं गावच मला सांभाळून घेत होतं. वर्षभर सांभाळून घेत होतं. दुकानात सुट्टे नसले तर नंतर द्या, शिवणाला उशीर झाला तर होऊ दे, रडल्या नाहीत तर नसू दे. आता बाकंही जाऊ दे, वहिनींचं ताजं आहे. असंच चाललं तर मी मरेपर्यंत ताजंच राहणार होतं.

मी वळून त्यांच्या जागेकडे बघितलं. वन्सं म्हणाल्या ते खरं होतं, मी कधी बघितलंच नव्हतं. फळीवर धूळ होती. झाडणारेसुद्धा गेलेल्यांच्या जागेला फडकं लावत नाहीत. मी पदराने ती पुसली. पुसता पुसता हाताला चाकाचा चरा लागला. एवढ्यावर हे बसायचे, आणि कधी म्हणाले नाहीत की रुततंय.

मग मी सरकले. उठलेसुद्धा नाही, बाकावरून नुसती सरकले. हातभर अंतर नसेल.

लाकूड थंड होतं. दुसरं काही नव्हतं. मी वाट बघत बसले की काहीतरी होईल, हे कुठूनतरी उठून जातील, मला कळेल. काही कळलं नाही. मग माझ्या मोकळ्या झालेल्या जागेवर वन्सं आल्या. फळीला धरून, एक गुडघा, दुसरा गुडघा, आई गं म्हणत बसल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. ऊबदार होता. वर्षभर मला कोणी टेकलं नव्हतं, आणि मला वाटलं, हे नाहीत. हे ह्यांचं अंग नाही. कोणीतरी ढकलून आत घालावं तसं ते आत गेलं. हे नाहीत, कुठेच नाहीत, आता तर इथेही नाहीत, आणि इथून मीच त्यांना घालवलंय.

पुढे किल्लीवाले उठले. भावाच्या जागेसमोर नुसते उभे राहिले, मग बसले. दुकानदार आईच्या जागेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पहिल्या बाकावरच्या आजोबांना आधी कुठे सरकावं ते कळेना, ते एकदा इकडे आणि एकदा तिकडे बसले. बाकं करकरत होती. भिंतीपासची माणसं एकेक करून खाली येत होती, शिक्षिका बसल्या, कुलूप लावलेल्या घरांच्या जागा तेवढ्या राहिल्या. प्रार्थना सांगणारे मध्येच थांबले होते, आणि ते थांबल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी रडत होते.

हळू वगैरे नाही. तोंड उघडं, नाक वाहतंय, आवाज कुठून निघतोय माझं मला कळत नव्हतं. मला लाज वाटत नव्हती. मला ते हवे होते. साबण लागलेल्या गालासकट हवे होते. वन्संनी माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

साहेब लगबगीने मधल्या वाटेने आले. चांगला माणूस, घाबरला होता. वाकून वन्संना विचारलं, "काय झालं ह्यांना? बरं नाही का?"

"माझा भाऊ वारला," वन्सं म्हणाल्या. "ह्यांचे मालक."

"अरेरे! कधी?"

वन्संनी मला थोपटणं थांबवलं नाही.

"आत्ताच," त्या म्हणाल्या.